डाव्या खणातले उंदीर

नाशिक, ३ नोव्हेंबर २००४

संजना,

मायना मुद्दाम गाळला आहे. 'चिरंजीव' लिहिलं तर तू हसशील आणि 'सौ.' लिहून शेजारणीसारखं वागणं मला जमत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आमच्याकडून पत्रांचे बारा नमुने घोटून घ्यायच्या. कॉलेजातून काढलेल्या विद्यार्थिनीला काय लिहावं, याचा नमुना त्यांत नव्हता.

माझं दसऱ्याआधीचं पत्र परत आलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा. नकार द्यायचा तर माणसाने वाचून द्यावा. न उघडता परत करण्यात कसलं शौर्य आहे? म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. येवल्याच्या स्टाफरूममध्ये, चार शिक्षकांदेखत, शिपायाच्या हातात पत्र परत देणं तुला जड जाईल, हे मी धरून चालले आहे. मला लबाड म्हण हवं तर.

मुद्द्यावर येते. सप्टेंबरात माझी भाची ज्योत्स्ना माझ्याकडे बाळंत झाली. तिला आई नाही, म्हणून हा संसार माझ्या गळ्यात. बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीला बाई शोधायला लागले तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, नवसाबाई. आपल्या कॉलेजच्या प्राणिगृहातली. अजून नोकरीत आहे, सकाळी ड्यूटीआधी दोन-तीन घरच्या बाळंतिणी करते.

तिसऱ्या दिवशी पाहते तर बाईने ज्योत्स्नाच्या पलंगाखाली घमेलं सरकवलेलं. त्यात निखारे, वर राखेचा थर. मी म्हटलं, हे खेड्यातले प्रकार इथे नकोत, खोलीत धूर होईल. ती म्हणाली, राख टाकली की धूर कशाचा. मी म्हटलं, ऑक्टोबर लागला नाही अजून, कसली थंडी? त्यावर बाळाला तेल लावता लावता, मान वर न करता ती म्हणाली, "शेक नाय दिला तर जीव गार पडतो, बाई. तुमच्या त्या उंदरांनाबी मी दिलाच होता ना."

"कोणत्या उंदरांना?"

"संजनाताईंच्या. डाव्या खणातल्या. उजवीकडचे उठून बसायचे, त्यांना कशाला लागतोय? डावीकडचे मेल्यावानी निपचित पडायचे. हात लावला तर गार. म्या खाली घमेलं ठेवायची."

तुला सांगायला नको, पण मला लिहू दे, म्हणजे माझंही डोकं जागेवर राहील. पिंजऱ्यांच्या रॅकच्या डाव्या खणात नुसतं मिठाचं पाणी टोचलेले उंदीर. उजव्या खणात मेंदूतलं ते इवलंसं हार्मोन, टीआरएच, टोचलेले. दोघांनाही झोपेचं एकच औषध. त्या औषधाने उंदीर झोपतो आणि त्याचं अंग थंड पडत जातं. हार्मोन दिलेला लवकर जागा होतो आणि तितका थंडही पडत नाही, हे आपल्याला दाखवायचं होतं. आणि तुझ्या वहीत डिसेंबर ब्याण्णव नव्हे, त्र्याण्णवच्या थंडीत मिठाच्या पाण्याचे उंदीर ऊबदार निघाले. छत्तीस अंश! जे होणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, तू ते आकडे घरी बसून भरलेस.

तू म्हणाली होतीस की रॅकखाली राख सापडली. मी नवसाबाईला विचारलं, तिने साफ नाही म्हटलं. चौकशीतही तूच मान्य केलंस, "मॅडमनी विचारलं असेल तर ठीक आहे." हे तुझे शब्द, मिनिट्समध्ये आहेत.

तेव्हा दोष कुणाचा ते आता स्पष्ट आहे. एका अडाणी बाईने नोकरीच्या भीतीने खोटं सांगितलं आणि तुझं नुकसान झालं. मी तिला तिथेच फैलावर घेतलं. तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. वर म्हणते, "तुम्हाला ठाव हाय की ते." माणसं म्हातारी झाली की त्यांची आठवण अशी वाटेल तिकडे फिरते.

विद्यापीठाला कळवून तुझी नोंदणी पुन्हा सुरू करता येईल, असं मला वाटतं. उत्तर पाठव.

शशिकला गायधनी


नाशिक, २८ नोव्हेंबर २००४

संजना,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे माझा अंदाज बरोबर ठरला.

काल मी नाशिक रोडला तुझ्या आईकडे गेले होते. तुझी परवानगी घेतली नाही. तिची वाट पाहायची तर मी फार तर अजून दहा वर्षं जगेन.

विमलाबाईंनी दार उघडलं आणि 'जय भीम' म्हणाल्या. मी 'नमस्कार' म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "या मॅडम, बसा. खुर्ची पुसलेली आहे." मला बोलणं कळतं. मी बसले. नंतर विचारलं, "चहा चालेल ना आमच्याकडचा?" मी म्हटलं, चालेल. तर म्हणतात, "तेव्हा आमच्या मुलीने आणलेला तिळगूळ तुम्ही टेबलावर ठेवायला सांगितला होता. म्हणून विचारलं."

संजना, तो तिळगूळ मी टेबलावर ठेवायला सांगितला, कारण माझ्या हाताला औषधं लागलेली होती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. खरं सांगायचं तर हाताला औषधं लागलेली होती का, हे आता मलाही खात्रीने आठवत नाही.

मी त्यांना निखाऱ्यांची सगळी हकिकत सांगितली. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मुलगी खोटी नव्हती, हे बाहेरच्या माणसाने येऊन सांगितलं की आईला बरं वाटतं, अशी माझी समजूत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्हाला कुठे वाटलं होतं ती खोटी आहे म्हणून? हे तुम्ही तुमच्या लोकांना सांगा."

तुझे वडील गेल्याचं मला माहीत नव्हतं. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, म्हणाल्या. फोटोतले सहादू निकाळे माझ्या आठवणीपेक्षा उंच होते. मला ते एकदाच भेटलेले, तुझ्या प्रवेशाच्या दिवशी. नोटांच्या छापखान्यातून शिफ्ट सुटल्यावर तसेच आले होते आणि माझ्या केबिनमध्ये बसायला तयार नव्हते.

विमलाबाईंनी सांगितलं ते तुला ठाऊक असेल, नसेल तर माझ्याकडून कळू दे. कॉलनीत तुझ्या बाबांनी कधीच कळू दिलं नाही की तुला काढलं. सगळ्यांना सांगत राहिले, पोरीला येवल्याला नोकरी लागली म्हणून तिनेच शिक्षण सोडलं. घरी मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचे. छापखान्यात एक कागद कमी भरला तर तो सापडेपर्यंत पाळीतल्या एकालाही घरी सोडत नसत. साहेबसुद्धा थांबायचा. पिंपं उलटी करायचे, बूट काढायला लावायचे. "आणि शिकल्यासवरल्यांच्या कॉलेजात," ते म्हणायचे, "एवढी मोठी चूक निघाली तर कुणी खाली वाकून रॅकखाली पाहिलं नाही?"

विमलाबाईंनी हे अगदी हळू आवाजात सांगितलं. मी चहा संपवला. फार गोड होता, तरी संपवला.

निघताना त्यांनी विचारलं, "नवसाबाईला बोललात का हो तुम्ही?" मी म्हटलं, बोलणारच. त्या म्हणाल्या, "तिला नका बोलू. ती दर वर्षी येते आमच्याकडे, संजनाच्या बाबांच्या स्मृतिदिनाला."

का येते ते मी विचारलं नाही. रिक्षा थांबलेली होती.

शशिकला गायधनी


नाशिक, २६ डिसेंबर २००४

संजना,

थंडी कडाक्याची आहे. निफाडला पारा चारच्या खाली गेला म्हणे, बागायतदारांनी द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून शेकोट्या पेटवल्यात. पेपरात फोटो आलाय. द्राक्षांना शेकोटी दिली की त्याला शहाणपण म्हणतात, उंदरांना दिली की गोंधळ.

मी कॉलेजात गेले होते. म्हटलं, तोच प्रयोग पुन्हा करून दाखवू, एकदा निखारे ठेवून, एकदा न ठेवता, म्हणजे कुणाला शंका नको. आता विभागप्रमुख धनराज अहिरे आहे, तुझ्या पुढच्या बॅचचा. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि सांगितलं की आता उंदराला हात लावायचा तरी प्राण्यांच्या समितीची लेखी परवानगी लागते, आणि एकदा झालेला प्रयोग निवृत्त बाईंच्या समाधानासाठी पुन्हा करायला समिती कधीच हो म्हणणार नाही. मी त्याला बोलले बरंच. घरी आल्यावर वाटलं, समितीचं बरोबर आहे. माझ्या समाधानासाठी अजून चोवीस उंदीर कशाला झोपवायचे?

आणि पुरावा माझ्या कपाटात आहेच. तुझी वही.

हो, ती माझ्याकडे आहे. चौकशीनंतर ऑफिसात जमा करायला हवी होती. का केली नाही हे आठवत नाही, असं आत्ता लिहिणार होते. ते खाली लिहिते.

आठ दिवस मी ती वही घेऊन बसले. पहिले सहा दिवस, डिसेंबरचा पहिला आठवडा, हवा ठीक. डाव्या खणातले उंदीर साडेतेहेतीस अंशांपर्यंत उतरलेले, झोप दीड तासाच्या वर. उजवीकडचे साडेपस्तीसवर, तासाच्या आत कुशीवर वळून पायांवर उभे. जे व्हायला हवं ते सगळं. मग थंडीची लाट आली. पुढचे सहा दिवस डावे आणि उजवे जवळजवळ सारखे. प्रत्येक पंधरा मिनिटांना एक आकडा, कुठे खाडाखोड नाही. एका ठिकाणी तू समासात लिहिलंयस, 'थर्मामीटर बदलून पुन्हा घेतलं, तेच आलं.'

मी एकतीस वर्षं शिकवलं. खोटे आकडे लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या मी वासावरून ओळखते. खोटं लिहिणारा सरांना हवं ते लिहितो. तू मला नको होतं ते लिहिलंस, सहा दिवस, आणि 'तेच आलं' असं वर सांगितलंस. हे कळायला निखारे लागत नाहीत, नवसाबाई लागत नाही. वही नीट वाचली असती तरी पुरलं असतं.

आणि दुसरी गोष्ट. नवसाबाईला आपण कुणाला काय टोचतो ते माहीत नव्हतं. तिने फक्त पाहिलं कोण गार पडलंय, आणि त्यांच्याखाली घमेलं सरकवलं. म्हणजे हार्मोनचा गुण तिने हाताने ओळखला होता, दर दिवशी, बरोबर. तुझा प्रयोग फसलेला नव्हताच. ज्यांना ऊब लागत होती ते सगळे डावीकडे होते.

मी तिला विचारलं, उंदरांची एवढी दया का आली. तिने सांगितलं ते कोरडेपणाने लिहिते. ती पेठकडची, लग्नानंतर नवऱ्याबरोबर निफाडला ऊसतोडीला यायची. पहिली मुलगी फडावरच झाली, पौषात. पालात शेगडी नव्हती. सहाव्या दिवशी मुलगी गार पडली. "रडलीबी नाय," म्हणाली. "निजून ऱ्हायली."

आता वहीचं. ती मी ठेवली कारण मला पेपर वाचायचा होता. गोषवारा नोव्हेंबरातच पाठवला होता, छातीठोकपणे, निकाल हाती येण्याआधी. फेब्रुवारीत तुला काढलं आणि मार्चमध्ये हैदराबादच्या परिषदेत मी पहिल्या सहा दिवसांचे आकडे वाचले. तुझे. तुझ्या नावाशिवाय. खोटी म्हणून जिला घालवलं, तिचेच निम्मे आकडे खरे म्हणून वाचून मी टाळ्या घेतल्या. पुढच्या वर्षी प्राचार्य झाले.

समितीसमोर मी काय म्हणाले तेही लिहिते, कारण तेव्हा तुला बाहेर बसवलं होतं. मी म्हणाले, सवलतीवर आलेल्या मुलींना कष्टाची सवय नसते, प्रयोगशाळेत उभं राहण्यापेक्षा घरी बसून आकडे भरणं त्यांना सोपं वाटतं. एकाने मान डोलावली. तुझं नाव खुल्या गुणवत्ता यादीत तिसरं होतं. त्या यादीवर सही माझीच होती.

सोबत विद्यापीठाचा अर्ज पाठवते. तुझी सही झाली की बाकी मी बघते. माझं निवेदन त्याला जोडीन: नवसाबाईला विचारलं होतं, तिने तेव्हा नाकारलं, आता कबूल केलं आहे. तुझी सही तेवढी हवी. त्याशिवाय निर्णय फिरवता येत नाही असं कळलं.

शशिकला गायधनी


नाशिक, १९ जानेवारी २००५

संजना,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी तू मला लिहिलंस. त्यात पाच वाक्यं आहेत आणि ती मला पाठ झालीत, तरी इथे उतरवते. माझ्या अक्षरात ती कशी दिसतात ते मला पाहायचं आहे.

'मॅडम, नवसाबाईने लपवलं असं कुठेही लिहू नका. तिने मला चौकशीआधीच सांगितलं होतं आणि आम्ही दोघी तुमच्याकडे आलो होतो. अर्जावर मी सही करणार नाही. त्यात विनंती हा शब्द आहे. विनंती करावी असं मी काही केलेलं नाही.'

अर्ज कोरा परत आला. नीट घडी घालून.

ठीक आहे. आता मी लिहिते.

मी नवसाबाईला विचारलं नव्हतं. कधीच नाही. तू राखेचं सांगितलंस तेव्हा मी 'विचारते' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं की विचारलं, ती नाही म्हणते. प्राणिगृह माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर होतं. मी गेले नाही. ती हो म्हणाली तर हैदराबादचं काय करायचं, हा एकच विचार. मग समितीसमोरही तेच सांगितलं, आणि सही केली.

आणि हेच सगळं असतं तरी मी स्वतःला आळशी म्हणून सोडून दिलं असतं. पण तो गुरुवार होता, दहा फेब्रुवारी, चौकशीच्या आदला दिवस, दुपारी जेवणानंतर. माझ्या केबिनच्या दाराला वर काच होती. मी मान वर केली तर बाहेर तू उभी. तुझ्या मागे नवसाबाई, डोक्यावर पदर घेतलेली, आणि तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं घमेलं. कडेला राख लागलेली.

ते घमेलं पाहिलं आणि मला सगळं कळलं. कुणी काही बोलायच्या आत. निखारे, डावा खण, छत्तीस अंश, सगळं एका क्षणात बसलं जिथल्या तिथे. मी काही मठ्ठ नाही.

मी सोमा शिपायाला बोलावलं आणि म्हटलं, सांग, मॅडम नाहीत.

तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, त्यांनी बघितलंय तुम्हाला काचेतून." मी म्हटलं, "सांग नाहीत म्हणून."

त्याने जाऊन सांगितलं. तू काचेतून माझ्याकडे बघत होतीस, तो सांगत असताना. मी फाइलमध्ये डोकं घातलं. तुम्ही किती वेळ थांबलात मला माहीत नाही. मी मान वर केली तेव्हा काचेत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू समितीला नवसाबाईचं नाव का सांगितलं नाहीस, हे मला तेव्हा कळलं नाही. सुटले, एवढंच वाटलं. आता तिला विचारलं. खरंच विचारलं, समोर बसवून. तिची कायम होण्याची ऑर्डर त्या मार्चमध्ये निघायची होती आणि शेरा माझा जायचा होता. मी ऐकून घेते म्हणाले असते तरच ती बोलणार होती. मी नाही म्हटल्यावर तू तिला वाटेत सांगितलंस, "मावशी, आता राहू दे, तुमचं जाईल." ती हे सांगताना रडली. मी तिला पाणी दिलं.

आणि मग तू समितीसमोर बसून म्हणालीस, "मॅडमनी विचारलं असेल तर ठीक आहे." माझ्याकडे बघून. तू मला एक संधी देत होतीस. पाच माणसांदेखत, एवढंसं वाक्य, मी फक्त 'नाही विचारलं' म्हणायचं होतं. मी लिहून घेणाऱ्या क्लार्कला म्हटलं, "हे मिनिट्समध्ये घ्या."

पहिल्या पत्रात मी तेच वाक्य तुझ्या अंगावर पुन्हा फेकलं. नवसाबाई 'तुम्हाला ठाव हाय' म्हणाली, त्याला मी म्हातारपण म्हटलं. माझं वय चौसष्ट, तिचं छप्पन्न. आठवण माझी फिरली नव्हती. मी ती फिरवली होती.

मी आयुष्यभर इतरांच्या चुकांवर लाल शाई ओतली. विद्यार्थ्यांच्या, शिपायांच्या, भावजयीच्या, पोस्टमनच्या. लोक म्हणायचे गायधनी मॅडम कडक आहेत पण खऱ्या आहेत. त्या 'पण'च्या पुढचं मी फार जपलं.

तू सही करू नकोस. तुझं बरोबर आहे.

शशिकला गायधनी


नाशिक, १२ फेब्रुवारी २००५

संजना,

तुझी वही रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. ती तुझी आहे. नकोच असेल तर फाडून टाक, पण परत पाठवू नकोस. माझ्याकडे ती पुरे झाली.

काल मी पुण्याला विद्यापीठात जाऊन आले. सकाळच्या एसटीने गेले, संध्याकाळी परत. निवेदन दोन पानी आहे, तुला लिहिलं त्याहून त्यात कमी काही नाही. काच, घमेलं, सोमाला सांगितलेलं वाक्य, हैदराबाद, सगळं. सवलतीचं वाक्यही. नवसाबाईचं नाव चांगल्या कामासाठी घेतलं आहे आणि तिला वाचून दाखवून तिचा अंगठा नाही, सही घेतली आहे. ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकली म्हणे. मला हेही माहीत नव्हतं.

खिडकीवरचा क्लार्क तिशीचा असेल. त्याने मला आत बोलावलं आणि उभ्याउभ्या दोन्ही पानं वाचली. मला वाटलं होतं वरवर चाळून शिक्का मारील. त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे या मॅडम खरं बोलत होत्या?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

इतकं सोपं होतं ते. दोनदा हो. अकरा वर्षांपूर्वी खोलीत पाच माणसं होती, त्यांच्यातल्या एकानेही असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, याबद्दल मी आता स्वतःची बाजू घेत नाही.

त्याने जुनं रजिस्टर काढून तुझा क्रमांक शोधला. मला समजावून सांगितलं, अगदी सभ्यपणे, की विद्यार्थिनीचा अर्ज असल्याशिवाय निर्णय बदलत नाही. हा कागद फक्त आवक होईल आणि फाइलला लागेल. मी म्हटलं, तिने अर्ज करावा असं मला वाटत नाही. तो म्हणाला, "मग त्यांना याचा उपयोग काय, मॅडम?"

वर्गात प्रश्न अडला की मी 'उद्या सांगते' म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायचीच. त्या मुलाला मी तेवढंही सांगू शकले नाही. त्याला माझी दया आली असावी. त्याने खुर्ची पुढे ओढली. मी बसले नाही.

मग त्याने शिक्का मारला, वर आवक क्रमांक घातला आणि माझ्यादेखत कागद फाइलला टाचला. खाली तुला काढल्याचा ठराव, त्याच्यावर माझं निवेदन. दोन्हींवर सही एकच आहे, माझी. यापुढे कुणी ती फाइल उघडली तर त्याला आधी माझं वाचावं लागेल, मग तुझं.

ती फाइल कुणी कधी उघडतं का, हे मी त्याला विचारलं नाही.

शशिकला गायधनी